उंदरांनी गाडीची वायरिंग कुरतडली तर काय करायचं? नवशिक्यांसाठी पहिल्यापासून

काल गाडी ठणठणीत पार्क केली आणि आज चावी फिरवली तर चेक इंजिनचा दिवा, एबीएसचा दिवा, इंजिन थरथरतंय नाहीतर स्टार्टच होत नाहीये, आणि बोनेट उघडल्यावर बॅटरीच्या झाकणावर काळ्या लेंड्या दिसल्या, तर निदान निम्मं झालंच समजा. पण गाडी परत परत स्टार्ट करून बघू नका. उघडी पडलेली वायर बॉडीला टेकली असेल तर फ्यूज उडतो, तो उडाला तर उलट बरंच, पण न उडता वायर गरम होत राहिली तर आग लागू शकते. शिवाय उंदीर फक्त वायरींवर थांबत नाहीत, इंधनाचे रबरी पाइप, व्हॅक्यूमच्या नळ्या, काच धुवायच्या पाण्याची नळी, जे मऊ लागेल ते कुरतडतात. त्यामुळे बोनेट उघडल्यावर इंधनाचा वास आला तर तिथेच थांबा, चावी काढा आणि गाडी टो करून न्या, तिथे हुशारी करायची नाही.

वास नसेल तर पुढचं वाचा. साध्या १२ व्होल्टच्या वायरीचा जोड कोणालाही शिकता येतो, अवघड काही नाही त्यात. माणसं फसतात ती दुसरीकडेच, पहिली तुटलेली वायर सापडली की हरखून जाऊन तिला टेप गुंडाळतात, गाडी चालू होते, बोनेट बंद, विषय संपला. आणि आठवड्याभरात दुसरा दिवा लागतो, कारण शेजारची अर्धवट कुरतडलेली वायर बघितलीच नव्हती आणि घरटं जिथल्या तिथे होतं. म्हणून क्रम पाळायचा: आधी साफ करायचं, मग सगळं बघायचं, मग जोडायचं, आणि जोडल्या दिवसापासून उंदराचा बंदोबस्त.

उंदीर येतातच कशाला

उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. गाडी बंद केल्यावर इंजिन तासन्‌तास उबदार राहतं, आत अंधार, वर झाकण, मांजर पोचत नाही, आणि बोनेटच्या खालच्या बाजूला घरट्यासाठी आयता कापूस लावून ठेवलेला. म्हणजे वायर खायला उंदीर येत नाही, राहायला येतो आणि राहताना वायर कुरतडतो, हे डोक्यात बसलं की पुढचे उपाय आपोआप कळतात.

आजकाल सोयाबीनपासून बनवलेल्या इन्सुलेशनवर सगळं खापर फोडलं जातं, अमेरिकेत यावरून काही कार कंपन्यांवर ग्राहकांनी दावेही लावले. पण उंदीर पूर्वीच्या साध्या प्लास्टिकच्या वायरीही कुरतडत होते आणि मऊ धातूचे पाइपसुद्धा सोडत नाहीत, त्यामुळे 'आमच्या गाडीत सोयावाली वायर नाही' म्हणून निवांत राहू नका.

हात घालायच्या आधी

पहिलं काम फोटो. लेंड्या, घरटं, तुटलेल्या वायरी, सगळ्याचे फोटो साफ करायच्या आधी काढा, तारखेसकट. काही विमा पॉलिसींमध्ये असं नुकसान धरतात, काहींमध्ये नाही, तेव्हा आपली पॉलिसी उघडून वाचा आणि क्लेम करायचा असेल तर एकाही वायरीला हात लावायच्या आधी विमा कंपनीला कळवा. आपण जोडून टाकल्यावर मग सर्व्हेअरला दाखवणार काय?

दुसरं, उंदराची घाण म्हणजे नुसता कचरा नाही. मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि काही जातींच्या उंदरांकडून हंताव्हायरस, जो वाळलेल्या घाणीची धूळ श्वासात गेली की लागतो. म्हणून एअर कॉम्प्रेसरने फुंकायचं नाही, झाडायचं नाही, व्हॅक्यूम क्लीनरही लावायचा नाही, दिसायला ते झटपट वाटतं पण धूळ थेट नाकात. रबरी हातमोजे घाला, मास्क लावा, गाडी उघड्यावर घ्या, दारं आणि बोनेट अर्धा तास उघडं ठेवा. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून घरट्यावर आणि लेंड्यांवर फवारा, चांगलं पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदी टॉवेलने उचलून दोन पिशव्यांत गाठ मारून टाका. ब्लीच कनेक्टरवर किंवा अ‍ॅल्युमिनियमवर ओतू नका, धातू खराब होतो, तिथे फडक्यावर साधं जंतुनाशक घेऊन पुसा. आणि प्रेशर वॉशर तर कपाटातच राहू दे, आधीच सोललेल्या वायरी आहेत, त्यात पाणी घालून काय मिळवायचं.

तिसरं, बॅटरी. आधी निगेटिव्ह काढायचा, मग पॉझिटिव्ह, जोडताना उलट, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. का, तर पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलाच असला तर ठिणगी उडणार. बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबा, एअरबॅगच्या सिस्टीममध्ये थोडा चार्ज राहतो. जुन्या रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

आणि दोन रंग पाठ करा. केशरी केबल म्हणजे हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीची हाय व्होल्टेज लाइन, तिला हात लावायचा नाही, बोटही नाही, १२ व्होल्टची बॅटरी काढली म्हणून ती मेली असं समजू नका. पिवळी स्लीव्ह किंवा पिवळा कनेक्टर म्हणजे बहुतेक वेळा एअरबॅग, तिथे मल्टिमीटरसुद्धा टेकवायचा नाही. यातलं एकही कुरतडलेलं दिसलं तर गाडी थेट ट्रेनिंग झालेल्या माणसाकडे.

आता बघायचं, नीट बघायचं

मोठा टॉर्च घ्या आणि तो समोरून न धरता तिरका धरा, दाताच्या खुणा तिरक्या उजेडात पटकन दिसतात. इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर काढा, तिथे हमखास घरटं असतं. मग बॅटरीच्या मागे, हेडलाइटच्या मागे, इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीलगत, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या जाड नळ्यांच्या) खाली, इंजेक्टरच्या, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागांच्या, वायरी जिथून जातात तिथे. एअर फिल्टरचा डबा उघडा, केबिन फिल्टर बाहेर काढा, त्यात कागदाचे तुकडे आणि बोनेटचा कापूस निघाला तर ब्लोअरपर्यंत मंडळी पोचली आहेत. सीटखाली आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातही डोकवा. जिथे डोकं जात नाही तिथे मोबाइलचा कॅमेरा चालू करून हात घाला आणि नंतर व्हिडिओ सावकाश बघा, आरशापेक्षा हे बरं पडतं.

कुरतडलेली वायर जवळून अशी दिसते: प्लास्टिकवर शेजारी शेजारी दोन बारीक चर, मग एका बाजूचं इन्सुलेशन गायब, आत तांब्याचे केसासारखे तंतू ब्रशसारखे पिंजारलेले, आणि खाली प्लास्टिकचा रंगीत भुगा पडलेला. तो भुगा फार कामाचा, हिरवा भुगा सापडला आणि हिरवी वायर तुम्हाला शाबूत दिसतेय, तर अजून एक जागा आहे जी तुम्ही बघितली नाही. घासल्याने वायर सोलली जाते तेव्हा ती एका बाजूने गुळगुळीत चपटी होते, त्यावर दातांचे चर नसतात, हा फरक ओळखता आला पाहिजे, नाहीतर उंदराला उगाच दोष आणि खरा कुठला ब्रॅकेट घासतोय तो तसाच.

लेंड्यांवरूनही अंदाज येतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या, ३ ते ६ मिलिमीटरच्या असतील तर छोटा उंदीर, १२ ते १८ मिलिमीटरच्या असतील तर मोठा. पुढे जाळी लावताना आणि सापळा निवडताना हे लागेल.

सापडलेल्या प्रत्येक जागेला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा आणि नंबर टाका. हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची, टेप किंवा काळी नळी कुरतडलेली असेल तर ती दोन्ही बाजूंना वीतभर उघडून आत बघा, वरून एक भोक आणि आत तीन वायरी अर्ध्या खाल्लेल्या, असं फार वेळा निघतं. वर लिहिलं ना, माणसं इथेच फसतात.

मीटर आणि स्कॅनर काय सांगतात

डोळ्यांनी बघून झालं की ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड वाचा, स्वस्तातला ब्लूटूथवालासुद्धा चालतो (अर्थात यासाठी बॅटरी थोडा वेळ जोडावी लागेल, उघड्या वायरी आधी टेपने तात्पुरत्या झाका, एकमेकींना आणि बॉडीला लागणार नाहीत अशा). कोड वाचून लिहून घ्या, लगेच पुसू नका. पी ०३०१ ते पी ०३०४ असे कोड म्हणजे त्या त्या सिलिंडरचा मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाहीये, इंजेक्टर किंवा (ठिणगी देणाऱ्या) कॉइलची वायर बघा. पी ०३३५ म्हणजे इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचं सर्किट, यात गाडी बरेचदा स्टार्टच होत नाही. यू ०१०० म्हणजे ईसीएमशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, बोलणं तुटलंय. कोडच्या वर्णनात सर्किट ओपन, सर्किट लो, सर्किट हाय असं आलं तर उंदराच्या केसमध्ये सेन्सर विकत आणायच्या आधी वायर तपासा, सेन्सर बहुतेक वेळा बिचारा चांगला असतो.

एक गंमत सांगतो. बऱ्याच गाड्यांमध्ये तीन-चार सेन्सरना एकच ५ व्होल्टची लाइन जाते. त्यातली एक वायर सोलून बॉडीला टेकली की ती लाइनच खाली बसते आणि सगळे सेन्सर एकदम खराब असल्याचे कोड येतात, नवशिक्याला वाटतं गाडीचं सगळंच गेलं. एकदम खूप कोड आले तर घाबरू नका, कुठेतरी एकच जागा असण्याची शक्यता जास्त.

मल्टिमीटरला कंटिन्युइटीवर ठेवून वायरीची दोन टोकं तपासता येतात, बीप वाजला तर वायर सलग आहे. पण बीप म्हणजे सगळं ठीक असं नाही, शंभरातला एकच तंतू उरला तरी बीप वाजतो आणि लोड आला की ती वायर दम तोडते, म्हणून डोळ्यांनी बघणं चुकवता येत नाही. फ्यूज उडालेला असेल तर वायर दुरुस्त केल्याशिवाय नवा टाकू नका, आणि १० अँपिअरच्या जागी १५ किंवा २० चा तर मुळीच नाही, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसची शंका असेल, म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी कुरतडल्या असतील, तर बॅटरी काढून, थोडं थांबून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओम आलं तर लाइन ठीक, १२० आलं तर एका टोकाकडे तुटलीये, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या. नव्या गाड्यांत सॉकेट आणि लाइनच्या मध्ये गेटवे नावाचा मॉड्यूल असतो, तिथे हे आकडे सॉकेटवर असेच मिळतील असं नाही, गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघावं लागतं.

कुठली वायर स्वतः जोडायची, कुठली नाही

हेडलाइट, हॉर्न, वॉशर मोटर, इंजेक्टर, कॉइल, साधे तापमानाचे सेन्सर, या वायरी घरी जोडता येतात. कॅनची जोडीही येते, फक्त तिचा पीळ मोडायचा नाही, जोडापुरतीच उकलायची, दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या ठेवायच्या आणि परत पिळायच्या.

ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला मात्र सोल्डर (धातू वितळवून जोड) करू नका. त्यातले बरेच सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात, सोल्डर किंवा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा पदार्थ) आत गेलं की वाट बंद आणि सेन्सर चुकीचं सांगायला लागतो. तो पूर्ण वायरसकट बदललेला बरा. चाकाजवळच्या एबीएस सेन्सरच्या वायरीचंही तेच, ती सतत हलते, पाणी खाते, जोड टिकत नाही, आणि ब्रेकचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याच्या आणि अँटेनाच्या जाळीवाल्या केबल जोडायच्या भानगडीत पडू नका. आणि कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वायर कापली गेली असेल, पकडायला टोकच नसेल, तर त्या कनेक्टरची वायरसकट मिळणारी शेपटी आणा, तिलाच पिगटेल म्हणतात.

एकाच जागी वीस-पंचवीस वायरी गेल्या असतील तर माझं स्पष्ट मत आहे की हार्नेसचा तो भाग बदला किंवा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. वीस जोड मारण्यात दिवस जाईल आणि त्यातला एक जरी कच्चा राहिला तरी पावसात तो शोधताना डोक्याला हात लावाल.

सामान

ऑटोमोटिव्ह वायर, त्याच जाडीची किंवा एक पायरी जाड. सेन्सरच्या वायरी साधारण ०.३५ ते ०.७५ चौरस मिलिमीटरच्या असतात, लाइट आणि मोटरच्या १.५ ते २.५. घरच्या फिटिंगची वायर वापरू नका, तिचं इन्सुलेशन इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही, आणि एकच जाड तार असलेली असेल तर थरथरीने तुटते. बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं दोन्हीकडून घालून दाबायच्या छोट्या नळ्या) आणि त्यांचा खरा क्रिंपिंग पकड, म्हणजे तो जोड दाबायचा रॅचेटवाला, साध्या पकडीने दाबलेला जोड दिसतो घट्ट आणि सुटतो पटकन. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), वायर स्ट्रिपर, हीट गन, कापडी हार्नेस टेप, उभी चीर असलेली काळी कोरुगेटेड नळी, केबल टाय. नेहमीची काळी पीव्हीसी टेप इंजिनजवळ उन्हाळाभर राहिली की तिचा चिकट चिखल होतो, ती फक्त तात्पुरती.

वायरीवर दाबून बसवायचे निळे-लाल क्लिपवाले जोड मिळतात, ते सोलावं लागत नाही म्हणून मोह होतो. घेऊ नका. आतली पाती काही तंतू कापते आणि ओल आत शिरते.

जोड कसा मारायचा

आधी अवस्था बघा. फक्त इन्सुलेशनवर ओरखडे आहेत, तांबं दिसत नाही, तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून, अर्धी अर्धी एकावर एक येईल अशी गुंडाळा. तांबं दिसतंय पण एकही तंतू तुटलेला नाही आणि तांबं चकचकीत आहे, तरी हेच चालतं. एकदोन तंतू जरी तुटले असतील तर कापून नवा जोड, त्यात कंजुषी नको.

कापल्यावर आतलं तांबं बघा. काळं किंवा हिरवट पडलं असेल तर मुतातला ओलावा वायरीच्या आतून पुढे सरकलाय, चकचकीत तांबं लागेपर्यंत अर्धा-अर्धा सेंटिमीटर मागे कापत जा. लांबी कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा मध्ये घाला, दोन जोड झाले तरी चालेल, पण वायर ताणून जोडू नका, इंजिन माउंटवर हलतं आणि ताणलेली वायर पहिल्या खड्ड्यात निघते.

आता स्लीव्ह आधी वायरीत घाला. परत सांगतो, आधी घाला आणि लांब सरकवून ठेवा, कारण जोड झाल्यावर ती जात नाही आणि केलेला जोड कापावा लागतो. दोन्ही टोकं ६ ते ८ मिलिमीटर सोला, कनेक्टरच्या अर्ध्या लांबीएवढी. सोलताना तंतू कापले गेले तर परत सोला. तंतू हलके पिळा, कनेक्टरमध्ये मध्यापर्यंत घाला, इन्सुलेशन आत दाबलं जाऊ देऊ नका, आणि पकडीच्या बरोबर रंगाच्या खाचेत दाबा. लाल कनेक्टर ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरसाठी, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. सेन्सरची वायर लालपेक्षाही बारीक असेल तर तंतू दुमडून दुप्पट करा किंवा बारीक मापाचा कनेक्टर आणा, लाल कनेक्टरमध्ये बारीक वायर म्हणजे सैल चपलेत पाय.

दाबून झालं की दोन्ही बाजूंनी बोटांनी चांगलं ओढून बघा. हलकं नाही, खरंच ओढा. निघाली तर आत्ता निघालेली बरी. मग स्लीव्ह जोडावर मधोमध आणा, मधून कडांकडे हीट गन फिरवा, स्लीव्ह आवळत जाते आणि दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक मणी बाहेर येतो. तो मणी दिसला म्हणजे पाणी बंद. लायटर वापरला तर काजळी आणि एका जागी जळकं होतं, आणि इंधनाच्या पाइपजवळ लायटरही नको, हीट गनही नको, तिथे वायर मोकळी करून बाजूला घ्या आणि मग तापवा.

सोल्डरचं विचारतील म्हणून लिहितो. सोल्डर वाईट नाही, पण गरम सोल्डर तंतूंमधून आत ओढलं जातं, तेवढा भाग कडक होतो आणि कडक भाग जिथे संपतो तिथे थरथरीने वायर तुटते. नवशिक्याला क्रिंपच बरा. तरीही करायचंच असेल तर रोझिन फ्लक्सवालं सोल्डर, अ‍ॅसिड फ्लक्स नाही, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर कशालातरी बांधलेली, हलणार नाही अशी.

अनेक वायरी एकत्र तुटल्या असतील तर सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नका, एकेक जोड चारेक सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं होतं, नळीत बसत नाही आणि एखादी स्लीव्ह फाटली तर शेजारच्या जोडाला टेकते. आणि एका वेळी एकच वायर कापून जोडा. सहाच्या सहा कापून ठेवल्या आणि त्यातल्या दोन तपकिरी निघाल्या की मग वायरिंग डायग्राम शोधत बसा.

जोडल्यावर

बॅटरी जोडायच्या आधी प्रत्येक जोडाची कंटिन्युइटी तपासा आणि शेजारच्या वायरीशी किंवा बॉडीशी लागत नाही ना तेही. मग बॅटरी, मग चावी फक्त ऑनवर, धूर-वास नाही ना बघा, मग स्टार्ट. इंजिन चालू असताना जोडलेला हार्नेस काठीने हलवा (बेल्ट आणि फॅनपासून हात लांब), इंजिन अडखळलं तर जोड कच्चा. सगळं ठीक असेल तर आता कोड पुसा आणि थोडी चक्कर मारून परत स्कॅन करा.

हार्नेसला कापडी टेप, त्यावर कोरुगेटेड नळी, आणि कंपनीच्या ज्या क्लिप होत्या त्यांतच परत अडकवा. क्लिप तुटल्या म्हणून लोंबती सोडली तर ती एक्झॉस्टवर वितळणार नाहीतर बेल्टमध्ये जाणार. नवी एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर टाका, मूत लागलेला फिल्टर झटकून परत बसवायचा नाही. एक्झॉस्टजवळ घरट्याचा कागद-कापूस राहिला नाही ना ते शेवटचं एकदा बघा, गरम झाला की पेटतो.

परत येऊ नयेत म्हणून

सगळ्यात जास्त फरक पडतो तो साफसफाईने आणि गाडी वापरण्याने, आणि नेमकं हेच लोकांना कंटाळवाणं वाटतं म्हणून ते उंदीर पळवायचे आवाजाचे भोंगे आणि फवारे विकत घेतात. गाडीतले खाण्याचे कण, मागच्या सीटवरची बिस्किटं, गॅरेजमधली पाळीव प्राण्यांच्या खाण्याची पिशवी, पक्ष्यांचे दाणे, हे आधी हलवा किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उंदराच्या मुताचा वास दुसऱ्या उंदरांना रस्ता दाखवतो, त्यामुळे वर सांगितलेली साफसफाई अर्धवट केली तर पाटी लावून ठेवल्यासारखंच. गाडीभोवती गवत, रद्दी, लाकडं, जुने टायर असतील तर काढा. गाडी उभीच राहणार असेल तर दोन-तीन दिवसांनी चालवा, निदान जागा बदला. सुरक्षित जागा असेल तर रात्री बोनेट उघडं ठेवायचं, आतला अंधार आणि ऊब गेली की उंदराला तिथे मजा नाही, काहीजण खाली दिवाही लावतात.

जाळी लावायची तर ६ मिलिमीटरची स्टीलची, छोटा उंदीर साधारण पेन्सिलीएवढ्या फटीतून आत येतो. केबिनला हवा घेणारं तोंड आणि एअर फिल्टरच्या नळीचं तोंड, एवढ्या दोन जागा जाळीने बंद केल्या तरी बरंच काम होतं. पाण्याचा निचरा होणारी भोकं बंद करू नका, नाहीतर उंदीर नाही पण पाणी केबिनमध्ये येईल. फटीत स्टीलचा काथ्या कोंबायचा सल्ला मिळतो, तो घराच्या भिंतीला ठीक आहे, इंजिनमध्ये त्याचे तंतू सुटून विजेच्या टोकांवर पडले तर नवं दुखणं.

मिरचीतलं कॅप्सायसिन लावलेली टेप मिळते, होंडाने अशी टेप काढली आणि ती कुठल्याही गाडीला चालते. जिथे परत परत कुरतडतात त्या भागावर ही गुंडाळायची, हातमोजे घालून, आणि नंतर डोळ्यांना हात लावायचा नाही. माझ्या मते पैसे घालायचे तर भोंग्यापेक्षा यात घाला. पेपरमिंटचं तेल इंजिनच्या उष्णतेत लवकर उडून जातं, चार-पाच दिवसांनी परत लावत बसणार असाल तर लावा. अल्ट्रासॉनिक भोंग्याचा आवाज उंदरांच्या सवयीचा होतो, सुरुवातीला गायब होतात आणि मग त्याच्याशेजारीच बसतात. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ ब्लोअरमधून थेट केबिनमध्ये येते आणि लहान मुलांना ती बाधते. डिझेल, रॉकेल, ग्रीस असलं काही इंजिनवर फासायचं नाही, रबर फुगतं आणि आगीला निमंत्रण.

विषाच्या गोळ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका. उंदीर लगेच मरत नाही, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी जाऊन मरतो, मग तो वास काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो, शिवाय तो मेलेला उंदीर मांजर-कुत्र्याने खाल्ला तर त्यालाही विषबाधा. त्यापेक्षा स्प्रिंगचा सापळा, तोही गाडीच्या बाहेर, भिंतीलगत. उंदीर भिंतीला घासून चालतो म्हणून सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे, थोडंसं शेंगदाण्याचं बटर पुरतं, जास्त लावलं तर वरवर चाटून निघून जातो. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, दोन-तीन दिवस सापळा न लावता नुसतं आमिष ठेवा, मग लावा. मुलं आणि पाळीव प्राणी असतील तर सापळा डब्यात.

दुरुस्तीनंतर पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघत जा. इंजिनच्या कव्हरवर आणि बॅटरीच्या झाकणावर सगळं पुसून थोडी टाल्कम पावडर भुरभुरली तर रात्रीत कोण आलं-गेलं ते पायांच्या ठशांवरून सकाळी कळतं, फक्त बेल्टपासून लांब टाका. ठसे दिसले तर सापळ्याची जागा बदला आणि त्याच दिवशी टॉर्च घेऊन वायरी परत तपासा, कुरतडलेली वायर कापली जायच्या आधी सापडली तर नुसत्या सिलिकॉन टेपवर भागतं.